बिनहाताची खुर्ची

निनादचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "विजूमावशी, आई गेली," तो म्हणाला. मी काही बोलायच्या आत, कुणी त्याच्यावर आळ घेतल्यासारखा घाईघाईने पुढे म्हणाला, "अगं, कालचे रिपोर्ट सगळे नॉर्मल होते. क्रिएटिनिनसुद्धा एकदम नॉर्मल." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. उरलेली मेथी निवडून टाकली, कारण हातांना दुसरं काही सुचेना. डोळ्यांत पाणी यायला बराच वेळ लागला, आणि खरं सांगायचं तर त्याच्या आधी हसू आलं. ज्या बाईने उभा जन्म 'नॉर्मल' या शब्दावर डूख धरून काढला, ती सगळे रिपोर्ट नॉर्मल असताना गेली... हे तिला कळतं तर पहिली टाळी तिनेच दिली असती.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मधल्या काळात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तिच्याबद्दल 'प्रेमळ, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व' असा मजकूर फिरला. ज्याने तो लिहिला त्याची प्रभाशी ओळख नसावी. प्रभा मनमिळाऊ नव्हती. तिला स्पष्टवक्ती म्हणणंही बरोबर नाही, कारण स्पष्टवक्ते लोक निदान आधी 'राग मानू नका' एवढं तरी म्हणतात. प्रभा समोरच्याच्या रागाची वाट बघायची आणि तो आला की समाधानाने चहा प्यायची. तिच्याविषयी फक्त गोड लिहायचं ठरवलं तर हा लेख इथेच संपेल, म्हणून मी तसं ठरवलेलं नाही.

आम्ही दोघी कसबा पेठेतल्या. तिच्या वडिलांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं आणि आमचं बिऱ्हाड समोरच्या बोळात. शाळेत आम्ही एका बाकावर. पंजा लढवायला आळीतली मुलं तिच्या वाटेला जात नसत. दुकानातले बंब इकडून तिकडे हलवून तिचे हात तसेच झाले होते. दुकानात माल आणून टाकणारा एक म्हातारा तांबट होता. त्याची नजर गेलेली, ऐकू यायचं बंद झालेलं, पण त्याने हातोडी धरली की ती त्याच्या हातून सोडवायला दोन माणसं लागत. त्याच आळीत त्याच्याच वयाचे एक वकीलसाहेब राहत, त्यांना जिना चढवायला दोन माणसं लागत. असं का, हा प्रश्न प्रभाला परकर-पोलक्याच्या वयात पडला आणि तिने तो शेवटपर्यंत सोडला नाही. ती जीवरसायनशास्त्र शिकली, शहरातल्या एका संशोधन संस्थेत लागली. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवू लागले. पुढे कर्वेनगरात एकाच इमारतीत घरं घेतली, तिचं दुसऱ्या मजल्यावर आणि माझं तळमजल्यावर, आणि उरलेलं आयुष्य जिन्यावरून एकमेकींना बोलण्यात गेलं.

तिचं काम ती अगदी सोप्या शब्दांत सांगायची आणि ते ऐकून लोकांची झोप उडायची. एका वयानंतर माणसाच्या अंगातलं मांस हळूहळू जायला लागतं. वजनाच्या काट्याला ते कळत नाही, कारण गेलेल्या मांसाच्या जागी चरबी येऊन बसते. आरशालाही कळत नाही. प्रभाला ते रक्तातून ओळखायचं होतं, पाय लटपटायच्या आधी, बरणीचं झाकण उघडेनासं व्हायच्या आधी. रक्तातल्या अशा खुणा ती आयुष्यभर शोधत राहिली. निनाद फोनवर म्हणाला ते क्रिएटिनिन ही त्यातलीच एक. डॉक्टर ते मूत्रपिंडासाठी तपासतात आणि वाढलं की मूत्रपिंड बिघडलं म्हणतात. पण ते तयार होतं स्नायूंमध्ये. स्नायूच उरले नाहीत तर ते येणार तरी कुठून? मग मूत्रपिंड थकलेलं असलं तरी म्हाताऱ्या माणसाचा आकडा शहाण्यासारखा मर्यादेत बसतो आणि घरचे पेढे वाटतात. "कारखाना बंद पडला की धूरही कमी होतो," प्रभा म्हणायची, "आणि हे म्हणतात, बघा, हवा किती स्वच्छ आहे." म्हणून ती त्याच्या जोडीला सिस्टॅटिन नावाचं दुसरं एक द्रव्य मोजायची, जे स्नायूंच्या जिवावर जगत नाही. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की अंगात मांस किती उरलंय याचा अंदाज यायचा. तो तिला त्या माणसाच्या आधी यायचा आणि त्याला सांगायला ती मुळीच वेळ लावायची नाही.

कसब्यातल्या एका देवळाच्या सभामंडपात तिची शिबिरं भरत. शाळेला सुट्टी असली की मी मदतीला जाई. सकाळी उपाशीपोटी रक्त घ्यायचं, मग हाताची पकड मोजायचं यंत्र, आणि शेवटी खुर्ची. ही खुर्ची तिच्या वडिलांच्या दुकानातली, सागवानी, सरळ पाठीची, बिनहाताची. संस्थेने दिलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर तिचा विश्वास नव्हता, त्या दबतात म्हणायची. त्यामुळे ही खुर्ची रिक्षात घालून न्यायची आणि रिक्षात घालून आणायची. आलेल्या माणसाने तिच्यावर बसायचं, दोन्ही हात छातीवर आडवे बांधायचे आणि न थांबता पाच वेळा उठून बसायचं. दिसायला पोरखेळ. पण माणूस बसला की प्रभा आधी खाली बघायची. टाचा! दोन्ही टाचा जमिनीला पूर्ण टेकल्या पाहिजेत. खुर्ची जराशी जरी उंच झाली तरी उठणं सोपं होतं आणि मग त्या परीक्षेला काही अर्थ राहत नाही. हळूच खाली उशी सारणारे, कोपराने मांडी दाबून उठणारे, पुढे झोका घेणारे... कॉपी करण्यात पुण्यातली ज्येष्ठ मंडळी माझ्या वर्गातल्या मुलींना सहज मागे टाकतील हे मी तिथे पाहिलं.

एकदा एक निवृत्त अधिकारी आले. कडक इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. तिसऱ्या वेळी त्यांचा हात हळूच गुडघ्याकडे गेला. "हात लावलात. शून्य," प्रभा म्हणाली. ते म्हणाले की नुसता स्पर्श झाला, आणि वर खुर्चीच मुळात बुटकी आहे अशी तक्रार केली. प्रभाने त्यांना अतिशय नम्रपणे सांगितलं की आपण घरी जाऊन आपल्या सोफ्यावर बसावं. सोफा कुणालाच नापास करत नाही, फक्त एक दिवस सोडत नाही. त्यांची बायको शेजारीच उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. परत येताना रिक्षात मी प्रभाला म्हटलं की जरा गोड बोलली असतीस तर काय बिघडलं असतं. मांडीवर खुर्चीचे पाय घेऊन ती बाहेर बघत होती. "गोड बोलणाऱ्यांनीच त्यांना या खुर्चीपर्यंत आणलंय," ती म्हणाली.

लग्नकार्यातही ती वडीलधाऱ्यांना नमस्कार करत नसे, हात मिळवत असे. लोकांना वाटे, बाई आधुनिक आहेत. ती त्यांची पकड जोखत असे. माझ्या पुतणीच्या लग्नात तिने नवरदेवाच्या आजोबांचा हात हातात घेतला, तब्येत छान आहे हो तुमची असं म्हटलं आणि ते पुढे गेल्यावर त्याच सुरात मला म्हणाली, "दिवाळीच्या आत पडणार हे." ते गणपतीतच पडले. मी तिला सांगायला वर गेले तेव्हा तिने नुसतं 'हं' केलं आणि कोशिंबिरीसाठी काकडी चोचवायला लागली. तिचा राग यायचा. पण आपल्या घरात कुणी म्हातारं माणूस असलं की सगळे तिलाच बोलवायचे, हेही तितकंच खरं.

तिचे यजमान गेले तेव्हा निनादने तिला आपल्याकडे चल म्हणून लकडा लावला. तो कात्रजच्या पुढे एका उंच इमारतीत राहतो, आयटीत आहे, बायको ऋजुताही तिथलीच. प्रभाने त्याच्यासमोर ती खुर्ची आणून ठेवली. ज्या वर्षी हात न लावता पाच वेळा उठता येणार नाही त्या वर्षी तू नेशील तिथे येईन, तोवर हा विषय बंद, असं तिने त्याला सांगितलं. दिवस दिवाळीच्या पाडव्याचा ठरला. नवरा गेल्यावर पाडव्याचं ओवाळणं संपलं होतं, त्या ताटाच्या जागी तिने ही परीक्षा आणून ठेवली. मग दर पाडव्याला फराळ झाला की खुर्ची हॉलच्या मधोमध यायची, निनाद मोठ्याने आकडे मोजायचा, ऋजुता मोबाइलवर टिपून घ्यायची आणि पाचव्याला टाळ्या. सुरुवातीची काही वर्षं निनाद तोंड पाडून म्हणायचा की आई, तू हरावीस म्हणून मी देव पाण्यात ठेवलेत. पुढे तो हे म्हणेनासा झाला. त्याच्या घरात एक खोली त्याच्या कामाची झाली, एक ऋजुताच्या कामाची, आणि जी कधीकाळी आईची म्हणून मला दाखवली होती ती व्यायामाची झाली. मी गेले होते तेव्हा तिथल्या ट्रेडमिलवर टॉवेल वाळत होते.

गेल्या पावसाळ्यात, गणपती बसायच्या सुमाराला, प्रभाला डेंग्यू झाला. ताप उतरला आणि सोसायटीचं प्रेम चढलं. कुणी मऊ भात आणला, कुणी तांदळाची पेज, कुणी साबुदाण्याची खीर. ती उठायला गेली की चार हात पुढे यायचे, "अहो, तुम्ही पडून राहा हो, आम्ही आहोत ना." निनादने दिवसभरासाठी एक बाई ठेवली आणि उशाशी बिनतारी घंटा ठेवली, ती दाबली की पाण्याचा पेला हजर. आपल्याकडे आजारी म्हाताऱ्या माणसाला भात आणि विश्रांती या दोनच गोष्टी मिळतात आणि त्या दोन्ही मिळून त्याचे पाय घेऊन जातात. हे प्रभाने घरोघरी जाऊन, लोकांचे अपमान करून सांगितलं होतं. पण आता तिनेही मुकाट्याने पेज प्यायली. भांडायलाही अंगात बळ लागतं आणि ते तिच्याकडे उरलं नव्हतं.

जरा बरं वाटल्यावर तिचं रक्त तपासलं. निनादने रिपोर्ट घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली टाळ्या वाजवल्या, आईची किडनी तरुणांना लाजवेल अशी आहे म्हणून. त्या ग्रुपवर मीही आहे. मी मोबाइल घेऊन वर गेले तर ती पलंगाच्या कडेला बसून दोन्ही हातांचे अंगठे आणि पहिली बोटं जुळवून स्वतःच्या पोटरीभोवती कडं करत होती. ही तिची घरगुती परीक्षा. कडं पोटरीला पुरलं नाही तर उत्तम, नेमकं बसलं तर सावध व्हायचं. तिचं कडं बसलं आणि वर आणखी एक बोट जाईल एवढी फट राहिली. तिने रिपोर्टवर नजर टाकली आणि म्हणाली, "धूर कमी झालाय." ते दुसरं द्रव्य तिने स्वतः जुन्या सहकाऱ्यांना फोन करून मोजून घेतलं. आलेला आकडा मला सांगितला नाही, निनादलाही नाही. पाडवा कधी आहे एवढं मात्र विचारलं.

मग आमची तयारी सुरू झाली. माझ्या घरात अंडं शिजत नाही, पण तिच्यासाठी मी एक पातेलं वेगळं घेतलं आणि ते गॅलरीत ठेवू लागले. सकाळी उकडलेली अंडी, दुपारी घट्ट वरण, संध्याकाळी मटकीची उसळ, आणि सोसायटीच्या मऊ भाताला मी दारातूनच वाटेला लावू लागले. ती आधी पलंगावरून उठायची, कारण पलंग उंच. मग जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवरून. शिबिरात ती लोकांना जे जे ऐकवायची ते सगळं मी तिला सव्याज ऐकवलं. "हात लावलास. शून्य," मी म्हणायची आणि ती घामाघूम होऊन हसायची. तिला हसताना धाप लागायची, तरी हसायची. इतक्या वर्षांच्या मैत्रीत आम्ही एवढ्या सुखात कधी भांडलो नव्हतो.

पाडव्याच्या आदल्या आठवड्यात ती पहिल्यांदा त्या सागवानी खुर्चीवर बसली. टाचा टेकवल्या, हात बांधले. तीनदा उठली. चौथ्यांदा अर्ध्यात अडकली, तिथेच थरथरत राहिली आणि धपकन खाली आली. मी म्हटलं, अजून आठवडा आहे. मग तिने पदराने तोंड पुसलं.

"विजू, यंदा हरले तर बरं होईल असं वाटतं गं कधीकधी."

ती म्हणाली, तिला निनादच्या घरात काही नको होतं. पहाटे खोकला येतो तेव्हा पलीकडच्या खोलीत कुणीतरी कूस बदलावी एवढंच. उभ्या आयुष्यात प्रभाने कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी म्हटलं, मग हे सरळ सांग ना त्याला, खुर्चीचं नाटक कशाला हवंय.

"मागून गेले तर त्याच्यावर ओझं होईन," ती म्हणाली. "हरून गेले तर त्याने मला जिंकून नेलेलं असेल."

दुसऱ्या दिवशी निनाद आला. आई उठताना पलंगाची कड धरते हे त्याने पाहिलं, ती खुर्चीवर कुठवर पोचली तेही त्याने मला विचारलं आणि मी सांगितलं. जाता जाता म्हणाला की खुर्चीचा सांधा ढिला झालाय, पॉलिशही गेलंय, सुताराकडे देतो आणि पाडव्याला नवी करून आणतो. प्रभाने बरं म्हटलं. खुर्ची गाडीच्या मागच्या सीटवर आडवी होऊन गेली.

पाडव्याला खुर्ची आली तेव्हा आरशासारखी चकाकत होती. फराळ झाला, खुर्ची मधोमध ठेवली, ऋजुताने मोबाइल उचलला. प्रभा बसली आणि सवयीने खाली बघितलं. मग ती खालीच बघत राहिली, इतका वेळ की ऋजुताने विचारलं, "आई, बरं वाटतंय ना तुम्हाला?" मला वाटलं, बळ गोळा करतेय. तिने मान वर केली आणि निनादकडे पाहिलं. त्याने नजर दुसरीकडे वळवली. मग तिने हात छातीवर बांधले आणि उठली. तो मोजत गेला, त्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. चौथ्यांदा ती अडकली नाही. पाचव्याला ताठ उभी राहिली. टाळ्या वाजल्या, आणि मला स्वच्छ दिसलं की निनादला हायसं वाटलं होतं, अगदी खांद्यांपर्यंत. प्रभाने त्याच्या तोंडात चकलीचा तुकडा भरवला. "जिंकले," ती म्हणाली, "आता इथेच."

सगळे गेल्यावर मी ताटं आवरत होते. ती सोफ्यावर बसली होती, ज्याला तिने आयुष्यभर शिव्या घातल्या त्याच सोफ्यावर. "विजू, आज माझ्या टाचा टेकल्या नाहीत," ती म्हणाली. मी म्हटलं, नवं पॉलिश आहे, घसरत असशील. तसंच असेल, म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "निनाद मनाचा फार मऊ आहे. कुणाला नापास करणं त्याच्याच्याने होत नाही." मला ते कौतुक वाटलं. आई आहे, करणारच, असं म्हणून मी भांड्यांकडे वळले.

दुसऱ्या दिवशी अंडी घेऊन वर गेले तर ती नको म्हणाली. परीक्षा झाली ना, आता कशाला. मी रागावले, समजावलं, वरण घट्ट करून नेलं. तिने ते भातात कालवून पातळ केलं. मऊ भात ती स्वतःहून करून खाऊ लागली, घंटा स्वतःहून दाबू लागली, आणि ज्यांनी तिला पडून राहा म्हटलं त्यांना तिने अगदी गोड आवाजात हो म्हटलं. तिचा तो गोड आवाज मला सहन होईना. थंडी सुरू झाली तसा खोकला वाढला. खोकायलासुद्धा स्नायू लागतात, असं ती शिबिरात सांगायची. म्हातारी माणसं कफाने जात नाहीत, तो बाहेर काढायचं बळ नसतं म्हणून जातात. दिवसाची बाई संध्याकाळी घरी जायची. एका सकाळी ती आली तेव्हा प्रभाला बोलता येण्याइतकाही श्वास पुरत नव्हता, आणि निनादने तिला रुग्णालयात हलवलं.

तिथे मी तिला शेवटची भेटले. नाकावर नळी, अंगावर ते हिरवं कापड. मी हात पुढे केला तेव्हा तिने तो लग्नात धरायची तसा धरला. तिच्या बोटांनी माझी बोटं धरली होती की माझ्या बोटांनी तिची, हे मला सांगता येणार नाही. "तुझी पकड चांगली आहे," ती अडखळत म्हणाली. "अजून पुष्कळ वर्षं छळशील लोकांना..." बाहेर निनाद डॉक्टरांशी बोलत होता आणि मान हलवत होता. आत येऊन त्याने आम्हाला सांगितलं की किडनी उत्तम चालली आहे. प्रभाने डोळे मिटून घेतले, आणि तिच्या तोंडावर तेच हसू आलं जे शिबिरातल्या निवृत्त अधिकाऱ्यांसाठी यायचं.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. निनाद आल्यागेल्याला सांगत होता की आई शेवटपर्यंत स्वतःच्या घरात, स्वतःच्या पायांवर राहिली. लोक माना डोलवत होते आणि भाग्यवान बाई म्हणत होते. निनाद वाईट मुलगा नाही, हे मला इथे लिहिलंच पाहिजे. वाईट असता तर हा लेख लिहायला सोपा गेला असता. तो रडला तेही खरं होतं. आईची आठवण म्हणून मावशी तू काहीतरी घे, असं तो म्हणाला तेव्हा मी खुर्ची मागितली.

ती माझ्या गॅलरीजवळ ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यावर बसले. हात बांधले, खाली बघितलं. माझ्या टाचा टेकल्या नाहीत. प्रभा आणि मी शाळेत शेजारी उभ्या राहायचो, कारण दोघींची उंची एक. मी उठले, खुर्ची आडवी केली. चारही पायांच्या तळाला सागाचे ठोकळे बसवलेले होते, सुबक, वरून तेच पॉलिश, खाली रबराची टोपी. सुताराने काम फार सफाईने केलं होतं. खुर्ची उभी असताना ते कुणालाही दिसले नसते. पण जिने आयुष्यभर सगळ्या पेठेच्या टाचा बघितल्या, तिला ते बसल्याबरोबर कळले. मग तिने मान वर करून मुलाकडे पाहिलं होतं. तो तिला हरू द्यायला तयार नव्हता. न्यायलाच तयार नव्हता. त्या एका क्षणात तिला हात गुडघ्यावर ठेवता आला असता, आणि सगळ्यांसमोर हरून त्याच्या गाडीत जाऊन बसता आलं असतं. ती उठली. पाचही वेळा उठली. मला तिचा इतका राग आला आणि इतकं रडू आलं, की त्या आडव्या खुर्चीशेजारी मी जमिनीवरच बसून राहिले.

मग आमच्या नाक्यावरच्या सुताराला बोलावून मी ते ठोकळे काढून घेतले. त्याने ते फेकायचे का म्हणून विचारलं. मी ठेवून घेतले.

गेल्या आठवड्यात निनाद वरच्या घराची किल्ली न्यायला आला. चहा टाकते म्हटलं तर सवयीने त्या खुर्चीवरच बसला. इकडेतिकडे हलून बघितलं आणि म्हणाला, ही खाली गेल्यासारखी वाटते गं.

"ठोकळे काढले," मी म्हटलं.

त्याने वाकून खुर्चीचा पाय चाचपला. मग सांगायला लागला. आई चौथ्यांदा पडली असती, सगळ्यांसमोर, ते त्याला बघवलं नसतं. तिला तिच्याच घरात राहायचं होतं, त्याने तिच्या मनासारखं केलं. ऋजुताचंही तेच म्हणणं पडलं. मी चहा गाळत होते. मग लहान असताना विचारायचा तशा आवाजात त्याने विचारलं, "तिला कळलं नव्हतं ना, मावशी?"

"बसल्याबरोबर कळलं."

"मग बोलली का नाही?"

"तिला हरायचं होतं, निनाद. तुझ्याकडे यायचं होतं तिला."

त्याने चहाला हात लावला नाही. कप टेबलावर तसाच राहिला, वर साय धरली. प्रभा असती तर आणखी काही बोलली असती. मला तेवढं पुरे वाटलं. बऱ्याच वेळाने तो निघतो म्हणाला. पन्नाशी उलटलेला माणूस, दिवसभर संगणकापुढे बसणारा, पोट पुढे आलेलं. मी खाली बघितलं. त्याच्या दोन्ही टाचा जमिनीला पूर्ण टेकल्या होत्या. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर दाबले, पुढे झोका घेतला आणि उठला.

"हात लावलास," मी म्हटलं. "शून्य."